बस (शब्द)

बस : इंग्रजी भाषेतील एक संक्षिप्त शब्द. ‘ऑम्निबस’ या मूळच्या लॅटिन शब्दाचा पूर्वभाग गळून तो तयार झाला. ठराविक मार्गाने जाणारे, ठराविक थांब्यांवर थांबणारे व भाडे देणाऱ्या कोणाही उतारूस नेणारे मोठे वाहन हा त्याचा मुख्य अर्थ होय. मराठीसह जगातील अनेक भाषांनी हा शब्द जसाच्या तसा किंवा किरकोळ ध्वनिबदल करून स्वीकारला आहे. वाहतुकीखेरीज विद्युत् अभियांत्रिकी, संगणकविद्या, अवकाशविज्ञान, विधी व दैनंदिन वाक्प्रचार या क्षेत्रांतही त्याचे निरनिराळे अर्थ रूढ झालेले आहेत. शब्दाचे संक्षेपीकरण, एखाद्या प्रत्ययास शब्दत्व प्राप्त होणे आणि एकाच कल्पनेचा अनेक क्षेत्रांत विस्तार होणे या तिन्ही भाषिक प्रक्रियांचे हा शब्द उत्तम उदाहरण आहे.

व्युत्पत्ती : लॅटिनमध्ये ‘ओम्निस’ म्हणजे सर्व. त्याचे चतुर्थी व पंचमी विभक्तींचे अनेकवचनी रूप ‘ओम्निबुस’ असे होते व चतुर्थीत त्याचा अर्थ ‘सर्वांसाठी’ असा आहे. या रूपातील ‘ओम्नि’ हे प्रातिपदिक व ‘बुस’ हा विभक्तिप्रत्यय होय. तुलनात्मक भाषाशास्त्रात हा प्रत्यय संस्कृतातील ‘भ्यः’ या प्रत्ययाचा सजातीय मानला जातो. संस्कृतातही ‘भ्यः’ हा चतुर्थी व पंचमी या दोन्ही विभक्तींच्या अनेकवचनास लागतो. अग्नी या अर्थाच्या लॅटिन ‘इग्निस’ या शब्दाचे ‘इग्निबुस’ हे रूप आणि संस्कृतातील ‘अग्निभ्यः’ हे रूप शेजारी ठेवून पाहिल्यास हे नाते सहज लक्षात येते. ‘बस’ या आजच्या शब्दात ‘सर्व’ या अर्थाचा एकही वर्ण उरलेला नाही. उरला आहे तो केवळ ‘साठी’ हा अर्थ दाखविणारा प्रत्यय.

इंग्रजीत लांब शब्द तोडून लहान करण्याची प्रवृत्ती जुनी आहे. तिचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात शब्दाचा उत्तरभाग गळतो, उदा., ‘एक्झॅमिनेशन’पासून ‘एक्झॅम’, ‘लॅबोरेटरी’पासून ‘लॅब’ व ‘टॅक्सीमीटर’पासून ‘टॅक्सी’. दुसऱ्यात पूर्वभाग गळतो; उदा., ‘टेलिफोन’पासून ‘फोन’ व ‘कॅरव्हान’पासून ‘व्हॅन’. तिसऱ्यात दोन्ही टोके गळून मधला भाग उरतो, उदा., ‘इन्फ्ल्यूएंझा’पासून ‘फ्ल्यू’. ‘बस’ हा शब्द दुसऱ्या प्रकारात मोडतो. तथापि ‘फोन’ या शब्दात ध्वनी या अर्थाचा मूळ ग्रीक शब्द तरी शिल्लक राहतो. अर्थवाहक अंश संपूर्ण गळून केवळ व्याकरणिक प्रत्यय उरणे, हे ‘बस’चे वैशिष्ट्य आहे.

अशा संक्षेपांना विद्वानांचा विरोधही वेळोवेळी झाला. जोनाथन स्विफ्ट या इंग्रजी लेखकाने १७१० मध्ये ‘टॅटलर’ या नियतकालिकात ‘मॉब’ यासारख्या तोडलेल्या शब्दांवर कठोर टीका केली होती. ‘मॉब’ हा शब्दही चंचल जमाव या अर्थाच्या ‘मोबिले वुल्गुस’ या लॅटिन शब्दप्रयोगाचा संक्षेप होय. पुढे तो शब्द शिष्टसंमत झाला. ‘बस’च्या बाबतीतही तेच घडले. एकोणिसाव्या शतकात हा शब्द लिहिताना गळलेल्या अक्षरांची खूण म्हणून आरंभी लोपचिन्ह देत असत. शब्द रुळल्यावर ते मागे पडले. ऑक्सफर्डचे विद्वान ए. डी. गॉडली यांनी १९१४ मध्ये ‘मोटर बस’ हे दोन्ही शब्द लॅटिन नामे आहेत असे कल्पून त्यांना सर्व विभक्ती लावणारी एक विनोदी कविता रचली. मुळात स्वतःच प्रत्यय असलेल्या शब्दाला पुन्हा प्रत्यय लावण्यातील गंमत लॅटिन जाणणाऱ्या वाचकांना विशेष रुचली.

वाहन व नाव : सार्वजनिक वाहनाची कल्पना त्याच्या नावापेक्षा जुनी आहे. फ्रेंच गणिती व तत्त्वज्ञ ब्लेझ पास्काल यांच्या पुढाकाराने १८ मार्च १६६२ रोजी पॅरिसमध्ये ठराविक मार्गांवर धावणाऱ्या घोडागाड्या सुरू झाल्या. पाच ‘सोल’ एवढे भाडे देऊन त्यांतून प्रवास करता येई. मात्र पॅरिसच्या न्यायसंस्थेने सैनिक, हुजरे, नोकरचाकर व मजूर यांना या गाड्यांत बसण्यास मनाई केली. ही सेवा काही वर्षांतच बंद पडली. वाहन सार्वजनिक असूनही ते सर्वांसाठी नव्हते. ही विसंगती या शब्दाच्या पुढील इतिहासातही वारंवार आढळते.

‘ऑम्निबस’ हे नाव फ्रान्समधील नांत या शहरात रूढ झाले. तेथील स्तानिस्लास बोद्री यांनी शहराबाहेर उष्णोदकाची स्नानगृहे काढली होती. गिऱ्हाइकांच्या सोयीसाठी १८२६ च्या सुमारास त्यांनी शहराच्या मध्यभागापासून तेथवर गाडी सुरू केली. वाटेत उतरणाऱ्या लोकांची संख्या स्नानास जाणाऱ्यांपेक्षा अधिक आहे हे ध्यानात आल्यावर त्यांनी वाहतुकीचाच व्यवसाय हाती घेतला. गाडी जेथून सुटे तेथे ओम्नेस नावाच्या एका टोपीविक्याचे दुकान होते व आपल्या नावावर कोटी करून त्याने ‘ओम्नेस ओम्निबुस’ (ओम्नेस सर्वांसाठी) अशी पाटी लावली होती. तीवरून गाडीला हे नाव पडले, अशी आख्यायिका सांगितली जाते. बोद्री यांनी १८२८ मध्ये पॅरिसमध्येही ही सेवा सुरू केली.

लंडनमध्ये जॉर्ज शिलिबिअर यांनी ४ जुलै १८२९ रोजी पॅडिंग्टन ते बँक ऑफ इंग्लंड या मार्गावर तीन घोड्यांची ऑम्निबस सुरू केली. तीत सुमारे वीस उतारू बसत. पूर्ण प्रवासाचे भाडे एक शिलिंग होते. ते कष्टकऱ्यांना परवडण्यासारखे नव्हते. त्यामुळे आरंभीचे उतारू मुख्यतः कारकून, व्यापारी व मध्यमवर्गीय होते. स्पर्धा वाढून भाडी उतरली, तसतसा हा वर्ग विस्तारत गेला. रस्त्यावर रोज उच्चारावे लागणारे तीन अवयवांचे हे लॅटिन नाव लोकांनी याच काळात तोडून एकाक्षरी केले. विद्यापीठात शिकलेल्या वर्गाची भाषा लोकांच्या तोंडी आली, की ती लोकांच्या सोयीनुसार बदलते, याचे हे एक गमक होय.

अंतर्ज्वलन एंजिनावर चालणारी पहिली बस कार्ल बेंझ यांच्या कारखान्यात तयार होऊन १८९५ मध्ये जर्मनीतील झीगेन व नेटफेन या गावांच्या परिसरात धावू लागली. लंडन जनरल ऑम्निबस कंपनीने १९११ मध्ये आपली घोड्यांची शेवटची बस बंद केली. घोडे गेले आणि मोटार आली, तरी नाव मात्र तेच राहिले. मोटार लावलेल्या वाहनास फ्रेंचमध्ये ‘ओतोब्यूस’ असे जोडनाव मिळाले व त्याचीच रूपे इटालियन, स्पॅनिश, पोलिश, तुर्की इ. भाषांत गेली. इंग्रजीतही ‘ट्रॉलीबस’, ‘मिनीबस’, ‘एअरबस’ असे शब्द बनत गेले. त्यामुळे विभक्तिप्रत्ययापासून स्वतंत्र झालेला हा शब्द आता सामासिक शब्दांचे उत्तरपद म्हणून नवे शब्द घडवू लागला.

इंग्रजीतील उपयोग : ब्रिटनमध्ये शहरांतर्गत व जवळपासच्या वाहतुकीसाठी ‘बस’ आणि लांब पल्ल्याच्या गाडीसाठी ‘कोच’ असा भेद सामान्यतः केला जातो. अमेरिकेत दोहोंनाही ‘बस’ म्हणतात. या शब्दाचा क्रियापदासारखाही उपयोग होतो. अमेरिकेत शाळांतील वांशिक विभक्तीकरण मोडण्यासाठी विद्यार्थ्यांना दुसऱ्या वस्तीतील शाळांत बसने नेण्याच्या धोरणास ‘बसिंग’ असे नाव पडले. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये या उपायास मान्यता दिली व त्यावर दीर्घकाळ तीव्र वादविवाद झाले. अमेरिकन उपाहारगृहात मेजावरील उष्टी भांडी उचलणाऱ्या मदतनिसास ‘बसबॉय’ म्हणतात. तेथे ‘ऑम्निबस’ या शब्दाचा अर्थ पडेल ती सर्व कामे करणारा असा होता.

वाक्प्रचारांत ‘बस चुकणे’ म्हणजे संधी हुकणे. ब्रिटनचे पंतप्रधान नेव्हिल चेंबरलिन यांनी ४ एप्रिल १९४० रोजीच्या भाषणात हिटलरची बस चुकली, अशा आशयाचे उद्गार काढले. त्यानंतर पाचच दिवसांनी जर्मनीने डेन्मार्क व नॉर्वेवर आक्रमण केले. मे महिन्यात संसदेत झालेल्या चर्चेच्या वेळी सदस्यांनी तेच शब्द त्यांच्यावर उलटविले आणि १० मे रोजी त्यांनी पदत्याग केला. ‘बसवाल्याची सुटी’ म्हणजे सुटीतही नेहमीचेच काम करीत बसणे. स्वतःच्या बचावासाठी सहकाऱ्याचा बळी देणे या अर्थाचा ‘बसखाली ढकलणे’ हा प्रयोग अलीकडच्या काळातील असून तो मुख्यतः अमेरिकन आहे.

मूळ ‘ऑम्निबस’ हा शब्दही लुप्त झालेला नाही. एका लेखकाची अनेक पुस्तके एकत्र बांधलेल्या ग्रंथास, तसेच अनेक विषयांच्या तरतुदी एकत्र असलेल्या विधेयकास तो लावला जातो. इंग्लंडच्या न्यायव्यवहारात सामान्य, समंजस नागरिकाचे प्रतीक म्हणून ‘क्लॅपमच्या ऑम्निबसमधील माणूस’ हा शब्दप्रयोग १९०३ च्या एका निकालापासून विशेष प्रसिद्ध झाला. एखाद्या माणसाचे वर्तन वाजवी होते की नव्हते, हे ठरविताना न्यायाधीश या काल्पनिक उतारूचा निकष लावतात. भारताच्या मोटार वाहन अधिनियम, १९८८ यामध्येही ‘ऑम्निबस’ची व्याख्या दिलेली असून चालकाव्यतिरिक्त सहांहून अधिक व्यक्ती नेण्यासाठी बनविलेले मोटार वाहन असा तिचा अर्थ आहे. तमिळनाडूत लांब पल्ल्याच्या खाजगी गाड्यांना ‘ऑम्नी बस’ असे संबोधतात. लॅटिनमधील मूळ संधिस्थान तेथे नकळत पुन्हा उघडे झालेले दिसते.

शास्त्रीय व तांत्रिक अर्थ : विद्युत् केंद्रात किंवा वितरणफलकात अनेक मंडले ज्या एका जाड धातूच्या पट्टीस जोडलेली असतात, तिला ‘बसबार’ म्हणतात. ‘ऑम्निबस बार’ याचा हा संक्षेप होय. ही पट्टी सामान्यतः तांब्याची वा ॲल्युमिनियमची असते. जनित्रांकडून येणारी वीज तिच्यात एकत्र येते व तेथून निरनिराळ्या मंडलांत वाटली जाते. प्रत्येक जनित्रापासून प्रत्येक मंडलापर्यंत वेगळी तार नेण्याऐवजी सर्वांसाठी एकच वाहक ठेवणे, हे तिच्यामागील तत्त्व आहे.

हीच कल्पना पुढे संगणकविद्येत आली. संगणकाचा प्रक्रियक, स्मृती आणि आदान-प्रदान साधने यांना जोडणाऱ्या सामाईक मार्गास ‘बस’ म्हणतात. तिचे कार्यानुसार तीन भाग पडतात : माहिती नेणारी, स्मृतीतील पत्ता नेणारी व नियंत्रण संकेत नेणारी बस. मार्ग सामाईक असल्यामुळे एका वेळी दोन घटकांनी त्यावर संकेत पाठविल्यास घोटाळा होईल. म्हणून कोणी केव्हा बोलावे याचे नियम ठरवावे लागतात. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘युनिव्हर्सल सीरियल बस’ (यूएसबी) या मानकामुळे छपाईयंत्र, कळफलक, माउस इत्यादींसाठी असलेल्या वेगवेगळ्या जोडण्यांच्या जागी एकाच प्रकारची जोडणी आली. या नावातील ‘युनिव्हर्सल’ या शब्दाचा अर्थ सर्वत्र लागू असा आहे, तर ‘बस’चे मूळ ‘सर्वांसाठी’ असे आहे. एका अर्थी या नावात एकाच कल्पनेची द्विरुक्ती झाली आहे.

अवकाशविज्ञानात उपग्रहाचा सांगाडा, वीजपुरवठा, दिशानियंत्रण, प्रणोदन व संदेशवहन यांचा मिळून जो पायाभूत भाग होतो, त्यास ‘बस’ म्हणतात. एकाच प्रकारच्या बसवर निरनिराळी उपकरणे बसवून वेगवेगळ्या कार्यांचे उपग्रह तयार करता येतात व त्यामुळे खर्च व वेळ वाचतो. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी प्रक्षेपित झालेले भारताचे मंगळयान हे भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या ‘आय-१ के’ या बसमध्ये आवश्यक फेरफार करून बनविलेले होते.

मराठीतील उपयोग : मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली होती. बस आली ती १५ जुलै १९२६ रोजी. अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट हा तिचा पहिला मार्ग होय. दुमजली बस १९३७ मध्ये आली. डीझेलवरील शेवटच्या दुमजली बसने सप्टेंबर २०२३ मध्ये निरोप घेतला, तर त्याच वर्षी विजेवर चालणाऱ्या वातानुकूलित दुमजली बसगाड्या धावू लागल्या. ग्रामीण भागात हा शब्द पोहोचविण्याचे मोठे कार्य राज्य परिवहन सेवेने केले. तिची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे व अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) यांच्या दरम्यान धावली. तथापि ‘स्टेट ट्रान्सपोर्ट’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचा ‘एस. टी.’ हा दुसरा संक्षेप खेड्यापाड्यांत अधिक रुळला आणि बोलीभाषेत त्याचे ‘यष्टी’ असेही रूप झाले. ‘लालपरी’, ‘लाल डबा’ ही नावे लोकांनी कौतुकाने व थट्टेने दिलेली आहेत.

‘बस’ हा शब्द मराठीत येण्यापूर्वी त्याच उच्चाराचे दोन शब्द भाषेत होतेच. एक ‘बसणे’ या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप. हे क्रियापद संस्कृत ‘उपविश्’ या धातूपासून प्राकृतातून आले. दुसरा पुरे या अर्थाचा फार्सी ‘बस’ हा शब्द. जोर देण्यासाठी त्याचा उच्चार ‘बस्स’ असाही होतो. अशा रीतीने लॅटिन, संस्कृत व फार्सी या तीन भाषांतून आलेले तीन वेगळे शब्द मराठीत समोच्चारित झाले आहेत. ज्यात बसावयाचे ती बस, अशी समजूत होणे स्वाभाविक असले, तरी या दोन शब्दांत व्युत्पत्तीचे कोणतेही नाते नाही.

इंग्रजीत निर्जीव वस्तूस व्याकरणिक लिंग नसते. मराठीत ‘बस’ स्त्रीलिंगी ठरली, ती बहुधा ‘गाडी’ या शब्दाच्या अनुषंगाने. तिच्या अनेकवचनाबाबत मात्र एकवाक्यता नाही. ‘बसेस’ हे इंग्रजी अनेकवचन वृत्तपत्रांत सर्रास आढळते. परभाषेतून शब्द घेतला तरी त्याचे विकार स्वभाषेच्या नियमांनी व्हावेत, या दृष्टीने ते सदोष ठरते. ‘बसगाड्या’ हे रूप त्या मानाने निर्दोष होय. बसथांबा, बसस्थानक, बसचालक, बसभाडे यांसारखे सामासिक शब्द मात्र सहज रुळले आहेत. ‘थांबा’सारखा देशी शब्द लॅटिन प्रत्ययास बिनदिक्कत जोडला जातो. परका शब्द पूर्णपणे पचल्याचे ते लक्षण मानावे लागेल.

‘सर्वांसाठी’ हा अर्थ : बस सर्वांसाठी असते हे तिच्या नावाने सांगितले, पण व्यवहाराने ते सहजासहजी मान्य केले नाही. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील माँटगोमरी शहरात बसमधील पुढील आसने गोऱ्यांसाठी राखीव असत. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांनी गोऱ्या उतारूसाठी आसन सोडण्यास नकार दिला व त्यांना अटक झाली. ५ डिसेंबरपासून कृष्णवर्णीय नागरिकांनी बसवर बहिष्कार घातला. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नेतृत्वाखाली तो एक वर्षाहून अधिक काळ चालला. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९५६ मध्ये बसमधील हा भेद घटनाबाह्य ठरविल्यानंतर डिसेंबरमध्ये बहिष्कार मागे घेण्यात आला. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल ऑम्निबस कंपनी कृष्णवर्णीय व आशियाई लोकांना चालक-वाहकाच्या जागी घेत नसे. ‘सर्वांसाठी’ हा शब्द ज्या कंपनीच्या नावातच होता, तिच्याविरुद्ध १९६३ मध्ये पॉल स्टीफन्सन प्रभृतींनी बहिष्काराचे आवाहन केले. सुमारे चार महिन्यांनी कंपनीने माघार घेतली आणि सप्टेंबरमध्ये रघबीर सिंग हे भारतीय वंशाचे शीख गृहस्थ तिचे पहिले गौरेतर वाहक झाले. वांशिक भेदभावास प्रतिबंध करणारा ब्रिटनमधील पहिला अधिनियम १९६५ मध्ये संमत झाला. त्याच्या पार्श्वभूमीत या लढ्याचा उल्लेख केला जातो.

महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाचे ब्रीद ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ असे आहे. ते मूळचे बौद्ध वाङ्मयातील असून त्यातील ‘हिताय’ व ‘सुखाय’ ही दोन्ही रूपे चतुर्थीची आहेत. ज्या विभक्तीतून ‘बस’ हा शब्द निघाला, तीच विभक्ती अशा प्रकारे या ब्रीदवाक्यातही आहे. महामंडळाने २०२२ मध्ये पंचाहत्तर वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवासाची व मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना निम्म्या भाड्याची सवलत दिली. रेल्वे नसलेल्या गावातील विद्यार्थिनी, रुग्ण व बाजारकरी यांच्या दृष्टीने बस येणे वा न येणे म्हणजे शाळा, रुग्णालय व बाजारपेठ यांचे दार उघडणे वा बंद होणे होय. ‘बस’ या शब्दातून ‘सर्व’ हा अर्थ दाखविणारी अक्षरे सुमारे दोनशे वर्षांपूर्वीच गळून पडली. त्या अर्थाची पूर्तता शब्दाकडून नव्हे, तर सेवेकडूनच होऊ शकते.